लेकीला अमेरिकेच्या कॉलेजचा मुलाखतीचा मेल आलाय, आता आम्ही काय करायचं?

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय, थोडं कापून देतेय.

"नमस्कार मॅडम. आमची मुलगी बारावीला आहे आणि तिने अमेरिकेत नऊ कॉलेजांना अर्ज केलेत. गेल्या आठवड्यात त्यातल्या एका मोठ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याचा मेल आला, मुंबईत किंवा झूमवर भेटून मुलाखत घेऊ म्हणून. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ चाललाय. पुण्याचे कन्सल्टंट म्हणतात की मुलाखतीवरच सगळं असतं, चाळीस हजारांचं प्रॅक्टिसचं पॅकेज घ्या. मुलाखत घेणाऱ्यांचं आडनाव मराठी आहे, तर दीर म्हणतात आपल्या ओळखीतून त्यांना एक फोन टाकू. मिस्टर म्हणतात अर्धा तास गप्पा मारून कोण काय ठरवणार, यापेक्षा आपली जेईई बरी, मार्क पडले की सीट. तिच्या वर्गातल्या मुलाला येलकडून बोलावणं आलंय, हिला नाही, कोलंबिया आणि बर्कलीकडूनही काही नाही, म्हणजे तिथून नकारच समजायचा का? आणि मुलीला कन्सल्टंटनी सांगितलंय की मॉडेल युएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल करून मुलं वाद घालतात ती स्पर्धा) आणि तिने सुरू केलेल्या संस्थेबद्दल बोल, पण ती आजोबांच्या द्राक्षबागेबद्दल बोलायचं म्हणते. निफाडला थंडीत ती रोजचं किमान तापमान वहीत लिहिते, दोन वर्षं झाली. हे काय सांगण्यासारखं आहे का? आम्ही सोबत जावं का? काही नेऊ का त्यांच्यासाठी?"

ताई, नमस्कार. एक सांगते, अशा मुलाखती मीही घेते, माझ्या जुन्या कॉलेजसाठी, दरवर्षी हिवाळ्यात, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते मला बऱ्यापैकी माहीत आहे आणि तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की आधी त्या पॅकेजचे पैसे वाचवायला हवेत, बाकीचं मग बोलू.

तर ते पॅकेज घेऊ नका. मुलाखतीवरच सगळं असतं हे म्हणणं खरं नाही. या मुलाखतीचं वजन कमी असतं, फार कमी, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. हार्वर्डचं उदाहरण घ्या, २०२४ मध्ये ज्यांना प्रवेश मिळाला त्या बॅचसाठी चोपन्न हजारांच्या आसपास अर्ज होते आणि घेतले दोन हजारांच्या आत. ही निवड कमिटीत होते, तिथे चाळीसेक माणसं असतात, त्यांच्यासमोर प्रत्येक मुलाची फाईल असते, त्यात चार वर्षांचे मार्क, शिक्षकांची पत्रं, शाळेच्या कौन्सेलरचं पत्र, निबंध, उपक्रमांची यादी, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी माजी विद्यार्थ्याने लिहिलेला एक रिपोर्ट, पानभराचा, कधी त्याहून कमी. मार्क आणि निबंध जिथे कमी पडतात तिथे हा रिपोर्ट काही करू शकत नाही. आणि फाईल मुळात दमदार असेल तर साधारण गेलेल्या मुलाखतीने ती पडत नाही. मुलाखतीने खरंच नुकसान होतं ते एखादं मूल उद्धट वागलं, खोटं बोलताना सापडलं, किंवा अर्जात एक आणि तोंडात दुसरंच असं झालं तर. तुमच्या पत्रावरून तुमची मुलगी त्यातली वाटत नाही.

मग घेतात कशाला, असं तुमचे मिस्टर विचारतील, आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मला विचाराल तर यात कॉलेजचाही स्वार्थ असतो. जुने विद्यार्थी कॉलेजशी जोडलेले राहतात, त्यांना आपण अजून त्या जागेचे आहोत असं वाटतं, पुढे देणग्या वगैरे आहेतच, आणि जगभरातल्या सतरा वर्षांच्या मुलांना त्या कॉलेजचा एक जिवंत माणूस भेटतो जो आपुलकीने बोलतो, त्यामुळे दोन-तीन कॉलेजांतून निवडायची वेळ आली की मुलाला तो माणूस आठवतो. मुलाची माहिती मिळवणं हा हेतू आहेच पण एकमेव नाही. हे लेकीला सांगा, कारण समोरचा माणूस जितका तिला तपासतोय तितकाच तो आपलं कॉलेज तिच्यापुढे मांडतोय हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मी भीती तिथेच जाते.

आता येल, कोलंबिया आणि बर्कलीबद्दल. यात खरंच काळजीचं काही नाही, कारण तिन्ही ठिकाणची गोष्ट वेगळी आहे आणि तुम्ही ती एकत्र करून घाबरलायत. बर्कली ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, तिथे पदवीच्या प्रवेशाला सहसा मुलाखत नसतेच, कुणालाच, त्यामुळे वाट बघण्याचा प्रश्न येत नाही. कोलंबियाने माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती काही वर्षांपूर्वी बंद केल्या. ब्राऊनने तर त्याही आधी बंद करून त्याजागी मुलांना स्वतःचा छोटासा व्हिडिओ पाठवायची सोय दिली. राहिलं येल, तर ते उघडपणे सांगतात की मुलाखती घेणारी माणसं मर्यादित आहेत म्हणून ज्यांच्याबद्दल आम्हाला आणखी माहिती हवी असं वाटतं त्यांना आधी बोलावतो, आणि बोलावलं नाही तर अर्जाला काही कमीपणा येत नाही. म्हणजे वर्गातल्या त्या मुलाला बोलावणं आलं याचा अर्थ तो पुढे आहे असा होत नाही, कदाचित त्याच्या फाईलमध्ये काहीतरी अधिक समजून घ्यायचं असेल, आणि तुमच्या लेकीची फाईल वाचून त्यांचे प्रश्न संपले असतील, किंवा दोघांचंही तसं काही नसेल. बाहेरून हे ओळखता येत नाही. उलट जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी मुलाखत हा अर्जाचाच भाग धरतात आणि जवळपास माणूस नसेल तरच सोडून देतात. एमआयटीमध्ये मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एज्युकेशनल कौन्सेलर म्हणतात, तिथेही माणूस मिळाला तर भेट, नाहीतर नाही. प्रत्येकाची रीत वेगळी, त्यामुळे दोन मुलांची तुलना करायला जाऊच नका, विशेषतः शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही.

फोनचं मात्र मी जरा कडक बोलणार आहे. दिरांना सांगा, फोन करायचा नाही. ओळख निघाली तरी नाही. अशा मुलाखती घेणाऱ्यांना कॉलेजकडून जवळजवळ सगळीकडे हीच सूचना असते की मूल किंवा त्याचं घर ओळखीचं निघालं तर कळवायचं आणि ती मुलाखत दुसऱ्याकडे द्यायची, आणि स्वतःचं मूल त्या वर्षी अर्ज करत असेल तर सहसा मुलाखती घ्यायच्याच नाहीत. त्यामुळे दिरांनी फोन केला तर होईल काय, एकतर तो गृहस्थ प्रामाणिकपणे बाजूला होईल आणि ऐन जानेवारीत दुसरा माणूस शोधावा लागेल, मिळेल न मिळेल, किंवा त्याला अवघड वाटेल आणि ते अवघडलेपण घेऊन तो तुमच्या मुलीसमोर बसेल. आणि त्याच्या हातात देण्यासारखं काही नसतंच हो. तो प्रवेश देत नाही, कमिटीत बसत नाही, त्याने मुलीचे मार्कही पाहिलेले नसतात, बहुतेक ठिकाणी त्याला फक्त नाव, शाळा, फोन-मेल आणि फारतर कुठल्या विषयाची आवड एवढंच कळवलेलं असतं. काही जण याची गल्लत अजून एका गोष्टीशी करतात, की अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप मिळतं. ते खरं आहे, अजूनही अनेक खासगी कॉलेजांत मिळतं, एमआयटीत मिळत नाही, जॉन्स हॉपकिन्सने ते सोडून दिलं, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांनाही त्यावर बंदी घालणारा कायदा केला. पण ते आईवडील त्या कॉलेजात शिकले असतील तर. मुलाखत घेणाऱ्या माणसाच्या ओळखीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आडनाव मराठी आहे म्हणून मराठीत बोलू का, असं लेकीने विचारलं तर सांगा, मुलाखत इंग्रजीतच होईल, सुरुवातीला त्यांनी एखादं वाक्य मराठीत टाकलं तर खुशाल मराठीत उत्तर दे, आपणहून नको. उच्चारांची काळजी तर सोडूनच द्या. त्या उच्चारांत आम्हीही बोलतो.

मिस्टरांच्या जेईईच्या मुद्द्याकडे येते, कारण तो नुसता हट्ट नाही, त्यामागे मोठी गोष्ट आहे आणि ती मला स्वतःलाही छळते. मार्कांवर सीट ही पद्धत कठोर आहे पण तिथे तुमचं आडनाव, तुमचा चेहरा, तुमचं बोलणं कुणी बघत नाही. आणि अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत व्यक्तिमत्त्व बघण्याची ही पद्धत आली कशी, तर तिचा उगम काही फार चांगला नाही. १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू मुलांचं प्रमाण वाढत वाढत पाचात एकाच्या वर गेलं, ती मुलं परीक्षेत पुढे होती, आणि तेव्हाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना ते खुपलं. १९२२ मध्ये त्यांनी ज्यूंच्या जागांवर मर्यादा आणायचा प्रयत्न केला, त्यावर गदारोळ झाला, उघड कोटा जमला नाही, मग काही वर्षांत प्रवेशाचे निकषच बदलले, मुलाचं चारित्र्य कसं आहे, फोटो द्या, शिफारस द्या, माणूस म्हणून तो कसा वाटतो. येल आणि प्रिन्स्टननेही त्याच काळात तोच रस्ता धरला. म्हणजे आज ज्याला आपण मुलाला समग्र बघणं म्हणतो त्याचा एक पाय काही मुलांना बाहेर ठेवण्याच्या इच्छेत रुतलेला आहे. हे मला माहीत आहे आणि तरीही मी मुलाखती घेते, का ते सांगते.

अलीकडे हार्वर्डवर, प्रवेशात आशियाई वंशाच्या मुलांशी भेदभाव होतो म्हणून, एक मोठा खटला चालला, २०१४ मध्ये दाखल झाला, २०१८ मध्ये बोस्टनला सुनावणी झाली. त्यात बाहेर आलेल्या कागदपत्रांमुळे आतली पद्धत लोकांना पहिल्यांदा इतकी सविस्तर कळली. तिथे प्रत्येक मुलाला एक ते सहा असे गुण देतात, एक म्हणजे सगळ्यात चांगलं, अभ्यासाला वेगळे, उपक्रमांना वेगळे, खेळाला वेगळे, व्यक्तिमत्त्वाला वेगळे. मुलाखत घेणारा माजी विद्यार्थीही आपले स्वतःचे गुण देतो, व्यक्तिमत्त्वाचे आणि एकूण. खटला भरणाऱ्यांचा मुद्दा असा होता की ॲडमिशन ऑफिसमधले अधिकारी, ज्यांनी बहुतेक मुलांना कधी पाहिलेलंही नसतं, ते आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वात गोऱ्या मुलांपेक्षा कमी लेखतात, आणि जे माजी विद्यार्थी त्याच मुलांना समोर बसवून बोललेत त्यांचे गुण मात्र गोऱ्या मुलांच्या जवळपास जातात. हार्वर्डने भेदभाव केल्याचं नाकारलं, २०१९ मध्ये बोस्टनच्या न्यायाधीशांनी हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टाने तो कायम ठेवला, आणि मग २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवून प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच बंद केली. निकालाबद्दल अमेरिकेतल्या मराठी घरांतसुद्धा दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक आहेत, मी त्यात इथे शिरत नाही. मला त्या कागदांतला तेवढा एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कागदावर जी मुलगी अभ्यासू, शांत, अजून एक भारतीय मुलगी अशी दिसते ती समोर बसली की तशी उरत नाही. अर्धा तास बोललं की कुणीच 'अजून एक' राहत नाही. मी मुलाखती घेते त्या यासाठी. आणि तरीही माझं मत असंच आहे की अर्ध्या तासाच्या भेटीवर, तेही माझ्यासारख्या हौशी माणसाच्या, कुणाची सीट ठरू नये, त्यामुळे जी कॉलेजं या भेटीला फक्त गप्पांचं स्वरूप देतायत त्यांचं मला पटतं. मिस्टरांना सांगा, त्यांची शंका योग्य आहे आणि म्हणूनच वजन कमी ठेवलंय हे बरंच आहे.

आता द्राक्षं. ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त मला आवडलेली ओळ म्हणजे ही तापमानाची वही, आणि तिच्याबद्दल तुम्हालाच शंका आहे! कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करायची साईट, तिच्या अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं, शब्द नव्हे, अक्षरं. एवढ्याशा जागेत मॉडेल युएन मावतं कारण ते काय असतं हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं, हजारो मुलांच्या अर्जात ते असतं. निफाडची थंडी तिथे मावत नाही. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कसा उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात कसा येतो, मणी फुगायच्या वेळी कडाका पडला की फुगवण कशी थांबते, पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक चालू करायचं म्हणजे मुळांपाशी जरा ऊब राहते, हे अमेरिकेतल्या कमिटीत कुणाला माहीत असणार? पण ती हे रोज बघते, लिहून ठेवते. त्या वहीतून तिला काय दिसलं हे ती सांगू शकली तर बस. केंद्रातला आकडा आणि आजोबांच्या बागेतला आकडा किती वेगळा येतो, का येतो, सखल भागात जास्त गार का पडतं, एखाद्या वर्षी तिचा अंदाज चुकला का, आजोबांचं आणि तिचं कशावरून वाजतं. मुलाखत घेणारा हे लिहून घेतो, कारण त्यालाही रिपोर्टात लिहायला काहीतरी हवं असतं. मुलगी हुशार आहे, नम्र आहे, मेहनती आहे, असं तर आम्ही सगळ्यांबद्दल लिहितो आणि वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. कमिटीला उपयोगी पडतो तो एखादा बारीक तपशील, जो या एकाच मुलीचा आहे. पाठ केलेल्या उत्तरांतून तो कधीच निघत नाही, आणि चाळीस हजारांच्या प्रॅक्टिसमध्ये नेमका तोच आधी घासून जातो. पॅकेज घेतलेली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ओळखू येतात, सगळ्यांची नेतृत्वाची व्याख्या एकच असते, सगळे अपयशातून एकच गोष्ट शिकलेले असतात, आणि मला त्या मुलांची फार दया येते कारण त्या घोटीव उत्तरांच्या मागे कुठेतरी त्यांचं स्वतःचं काहीतरी असतंच, ते बाहेर काढायलाच अर्धा वेळ जातो.

संस्थेचं काय, तर तिने खरंच मनापासून चालवली असेल तर बोलू दे की. अर्जासाठी काढलेली असेल तर तिने तो विषय स्वतःहून काढू नये. पुढचे दोन प्रश्न आले की कळतंच.

तयारी काहीच करायची नाही असं मी म्हणत नाहीये. तिने तीन गोष्टींवर नीट विचार करून ठेवावा. हेच कॉलेज का, यावर रँकिंग आणि नाव सोडून काहीतरी, म्हणजे तिथला एखादा अभ्यासक्रम, एखादी लॅब, शेती-हवामान यावर तिथे काय चालतं, हे कॉलेजच्या साईटवर शांतपणे वाचलं की मिळतं. दुसरं, हल्ली ती काय वाचते, कशात वेळ कसा जातो कळत नाही, असं काहीतरी, खरं. आणि तिसरं म्हणजे तिचे स्वतःचे प्रश्न, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर मुलं सगळ्यात कमी वेळ देतात. शेवटी विचारतातच, तुला काही विचारायचंय का, आणि मूल म्हणतं नाही, थँक यू. अहो, समोर तिथे चार वर्षं राहून आलेला माणूस बसलाय! त्याला विचारा की पहिल्या हिवाळ्यात कसं वाटलं, घरची आठवण आली की काय केलंत, विषय बदलावासा वाटला तर बदलता येतो का, प्रोफेसर खरंच भेटतात का की असिस्टंटच शिकवतात, कॅम्पसवर नोकरी करून अभ्यास जमतो का, तुम्हाला तिथलं काय आवडलं नाही. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारायला सांगा. यातून तिला जे कळेल ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं, आणि उद्या दोन ठिकाणी प्रवेश मिळाला तर निवड करताना उपयोगी पडेल.

एखादा प्रश्न कळला नाही तर परत विचारावं, उत्तर सुचत नसेल तर दोन क्षण थांबावं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. अजून कुठे कुठे अर्ज केलेत हा प्रश्न खरं तर विचारू नये अशी बऱ्याच ठिकाणी सूचना असते, तरी कुणी विचारलाच तर यादी वाचून दाखवायची गरज नाही, काही चांगल्या ठिकाणी केलेत, हे कॉलेज मला फार आवडतं, असं म्हणून पुढे जावं. मार्कांचं तसंच. सर्टिफिकेटांची फाईल न्यायची नाही, ते सगळं अर्जात गेलंय. तापमानाची वही मात्र न्यायला हरकत नाही, विषय निघाला तर दाखवेल, नाही निघाला तर बॅगेत राहील.

मुंबई की झूम, तर मी झूम म्हणेन. नाशिकहून मुंबईला जायचं, कसाऱ्याच्या घाटात अडकायचं, त्या टेन्शनमध्ये पोचायचं, कशासाठी? २०२० नंतर बहुतेक ठिकाणी झूमच चालतं आणि त्यात काही उणं मानत नाहीत. तो गृहस्थ मुंबईत आहे म्हणून वेळेचा घोळ नाही, पण पुढे अमेरिकेतून कुणाचा मेल आला तर वेळ नीट बघा, हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि त्यात तारीखही बदलते. तरीही प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर कॅफे किंवा लायब्ररी अशी चार लोकांतली जागा हवी, कुणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीवर नाही, बऱ्याच कॉलेजांची तशी सूचनाच असते. ती सतरा वर्षांची आहे, तुम्ही सोडायला जरूर जा, ओळख झाली तर नमस्कार करा आणि मग दुसऱ्या टेबलावर नाही, दुसऱ्या दुकानात जाऊन बसा. झूम असेल तर खोलीचं दार बंद, आणि तुम्ही दाराबाहेरही उभ्या राहू नका. हे अवघड आहे मला माहीत आहे, पण आई ऐकतेय हे मुलांच्या आवाजात लगेच येतं. काहीही विचित्र वाटलं, प्रश्न खासगी वाटले, परत एकटीला भेटायला बोलावलं, तर सरळ कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करा, अर्जाचं काय होईल म्हणून गप्प बसू नका. आणि या सगळ्याच्या आधी, आलेला मेल खरा आहे ना हे तिच्या ॲप्लिकंट पोर्टलवर (कॉलेजच्या साईटवरचं तिच्या अर्जाचं खातं) किंवा ॲडमिशन ऑफिसला एक ओळ लिहून खात्री करून घ्या. कारण हे लोक बऱ्याचदा स्वतःच्या साध्या जीमेलवरून लिहितात आणि त्यावरून काही कळत नाही. पैसे मात्र कधीच मागत नाहीत. मुलाखतीची फी म्हणून कुणी रुपया मागितला तर तो मेल खोटा.

खरा असेल तर आजच उत्तर द्यायला लावा, तिच्या नावाने, तिच्या मेलवरून, तिच्या शब्दांत. पालकांनी लिहिलेले मेल ओळखू येतात. दोन-तीन वेळा सुचवायच्या आणि आभार मानायचे, एवढंच. आणि स्पॅम फोल्डर रोज बघायला सांगा, बाकीच्या कॉलेजांचे मेल हमखास तिथे जाऊन पडतात, जानेवारी-फेब्रुवारीभर येऊ शकतात.

नेऊ का काही, याचं उत्तर नाही. चिवडा नाही, पेढे नाहीत, बागेची द्राक्षंसुद्धा नाहीत, त्यांना ते घेता येत नाही आणि नाही म्हणताना त्यांनाच कसंतरी होतं. कॉफी त्यांनी मागवली तर घ्यावी, पैशावरून ओढाताण करू नये. कपडे म्हणजे कॉलेजच्या कार्यक्रमाला जाताना घालेल तसे, ब्लेझरची गरज नाही. दुसऱ्या दिवशी तीन-चार ओळींचा आभाराचा मेल, त्यात बोलण्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख असला तर छान, आणि मग तो विषय बंद. निकाल मार्चच्या शेवटी लागतात, तोपर्यंत त्यांना काय झालं म्हणून विचारायचं नाही, कारण त्यांनी रिपोर्ट पाठवला की त्यांचं काम संपतं, पुढे कमिटीने काय केलं हे त्यांना आधी कळत नाही. आणि दिरांना तोवर त्यांचा नंबर देऊ नका.